बाहेर काय जातंय

शिरोळकरांनी काउंटर फडक्यानं पुसला, दोन खोकी शेजारीशेजारी उभी केली आणि स्थळं दाखवावीत तसे दोन्ही हात पसरले.

"हे लाल, नुसता अँटिव्हायरस. हे निळं, अँटिव्हायरस आणि फायरवॉल. आता पसंती तुमची."

"लालच द्या," आई म्हणाली. तिनं खोकं हातात घेऊन बघितलंसुद्धा नाही.

"अगं, फरक तरी ऐकून घे," मी म्हटलं.

शिरोळकर पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. गिऱ्हाइकाला कळेपर्यंत समजावून सांगायची सवय तेव्हाचीच. "प्रमिलाताई, असं बघा. अँटिव्हायरस म्हणजे घरात शिरलेला उंदीर शोधून मारायचा. फायरवॉल म्हणजे दारात बसवलेला वॉचमन. येणाऱ्याला विचारणार, कोण तुम्ही, कुणाकडे आलात. आणि जाणाऱ्यालाही विचारणार, कुठं निघालात, पिशवीत काय आहे."

"जाणाऱ्याला कशाला विचारायचं? येणाऱ्याला विचारलं की झालं ना?"

"तसं नसतं ताई. चोर येतो तेव्हा रिकाम्या हातानं येतो. नेतो ते जाताना."

मला हे इतकं पटलं की मी टाळी द्यायचीच बाकी ठेवली. आई मात्र अडून बसली. मशीन आधीच धापा टाकतंय, त्यात हे दोन-दोन कशाला. शिरोळकर प्रामाणिक माणूस, म्हणाले, "थोडं हळू चालेल, खोटं कशाला बोलू."

"बघ," आई म्हणाली.

"निळं द्या," मी म्हटलं.

दुकानातून बाहेर पडल्यावर रिक्षात आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, तिचं ऐकलं नाही म्हणून रुसली. मी मनातल्या मनात हसले. तेव्हा मला असल्या गोष्टींचं हसू यायचं.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट आहे. सांगलीत घरोघरी ब्रॉडबँड नुकतंच येऊ लागलं होतं. बाबा जाऊन बारा वर्षं झाली होती आणि त्यातली अकरा वर्षं आई आमच्या समाजाचं वधूवर सूचक मंडळ चालवत होती. विधवा बाईनं लग्नं जुळवायची म्हणून सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. आईनं ती सगळी नाकं एकाच गोष्टीच्या जोरावर सरळ केली. ती खोटं सांगत नसे. मुलगा पितो, तर पितो म्हणून सांगणार. मुलीचा साखरपुडा एकदा मोडलाय, तर तेही सांगणार. "प्रमिलाताईंनी सांगितलं ना, मग चौकशी करायला नको," असं लोक म्हणायचे आणि आई ते ऐकून पदर सारखा करायची.

बावन्नाव्या वर्षी तिनं संगणकाचा कोर्स केला. सगळी स्थळं वहीतून कॉम्प्युटरवर आली. टायपिंगला सुलूताई होत्या, सुलोचना माळवदे. रोज दुपारी बारा ते चार यायच्या. प्रत्येक स्थळापुढं शेवटचा रकाना होता 'शेरा'. जे लोक फक्त आईच्या कानात सांगायचे ते त्यात जायचं. तो रकाना आई, सुलूताई आणि मी, या तिघींनीच पाहिलेला.

माझ्या नावापुढच्या शेऱ्यात एकच शब्द होता. फिट.

दहावीत असताना मला पहिल्यांदा आली. मग गोळ्या सुरू झाल्या. स्थळं बघायला लागले तोवर चार वर्षं एकदाही आलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, खुशाल लग्न कर, फक्त मुलाला आधी सांग. ते मला मान्यच होतं. माझी अट एकच होती आणि ती मी आईला स्वच्छ सांगितली होती. "पहिल्या भेटीत मला माणूस म्हणून बघू देत. दुसऱ्या भेटीत मी सांगणार. मी, माझ्या तोंडानं, समोर बसून. बायोडाटात नाही, फोनवर नाही, तुझ्याकडून नाही."

"तुझं तू सांग," आई म्हणाली होती. देवासमोर बसून वाती वळत होती तेव्हा.

पहिलं स्थळ इचलकरंजीचं. पहिली भेट छान झाली. दुसऱ्या भेटीच्या आदल्या दिवशी मुलाच्या काकांचा फोन, "फिटचं आम्हाला कळलंय. लपवायला नको होतं." दुसरं कोल्हापूरचं. तिथंही तेच. फक्त या वेळी मुलाची आई बोलली आणि "फसवणूक" हा शब्द वापरला. कुठून कळलं, हे दोघांनीही सांगितलं नाही. मी बँकेच्या बाथरूममध्ये जाऊन रडले आणि मग तोंड धुऊन पासबुकं भरत बसले.

संशय कॉम्प्युटरवर पहिल्यांदा मीच घेतला. आणि कॉम्प्युटरवरून सुलूताईंवर, तोही मीच.

"तिसरं कोण आहे गं?" मी आईला म्हटलं. "तू, मी आणि त्या. मी तर सांगितलं नाही."

आई ताकाला रवी लावत होती. ती थांबली नाही. "सुलू तशी नाही," ती म्हणाली.

"मग कोण तसं आहे?"

मी आठवडाभर तिच्या मागं भुणभुण लावली. शेवटी एका शनिवारी तिनं सुलूताईंना सांगितलं, सोमवारपासून नका येऊ. सुलूताईंनी कारण विचारलं. आई माझ्याकडं बघत राहिली. कारण मी सांगितलं. सुलूताई दोन्ही हात टेबलावर ठेवून उभ्या होत्या. "बाई, माझ्या पोरीची शपथ घेऊन सांगते ओ," एवढं म्हणाल्या. मग चष्म्याचं घर पर्समध्ये टाकलं आणि गेल्या. आई आत जाऊन निजली. तिचं डोकं दुखत होतं.

त्यानंतर निनाद तासगावकर आला. पुण्यात नोकरी, गाव तासगावच. पहिल्या भेटीत त्यानं आमच्याकडचे पोहे परत मागून घेतले आणि मला विचारलं, बँकेत दिवसभर नोटा मोजून घरी आल्यावर बोटं आपोआप हलतात का. मला तो आवडला. इतका आवडला की त्याच्या दुसऱ्या भेटीचा रविवार मी कॅलेंडरवर खूण न करताच पाठ केला होता. त्या रविवारी मी त्याला सांगणार होते. आणि त्याआधी ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्याच्यापर्यंत पोचू नये, यासाठी आदल्या गुरुवारी आम्ही शिरोळकरांच्या दुकानात गेलो होतो. सुलूताई गेल्या असल्या तरी जाताना काही किडे सोडून गेल्या असतील, असं माझं म्हणणं.

गुरुवारी संध्याकाळी निळं खोकं उघडलं. सीडी घातली. अँटिव्हायरसनं तासभर सगळं धुंडाळून दोन व्हायरस पकडले. मी चोर सापडल्याच्या थाटात शिरोळकरांना फोन केला. ते म्हणाले, हे गाण्यांच्या सीडीतून आलेले, निरुपद्रवी, सगळ्यांकडं असतात. मी जरा हिरमुसले.

फायरवॉलची मात्र गंमत होती. काहीही बाहेर जायला निघालं की पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उगवायचा, अमुक प्रोग्रॅम इंटरनेटवर जाऊ पाहतोय. खाली दोन बटणं, अलाऊ आणि डिनाय. मी आईला शेजारी बसवून शिकवलं.

"हे बघ, इंटरनेटचं आहे, आपण रोज वापरतो. याला हो म्हणायचं. एकदा सांगितलं की लक्षात ठेवतं. बाकी कुणीही आलं आणि विचारलं तर सरळ नाही म्हणायचं. दुसरं बटण."

"आणि चुकून नाही म्हटलं तर?"

"तर जाणार नाही. बिघडत काय?"

आईनं दोन्ही बटणं नीट वाचली. ओठ हलवत. "दुसरं बटण," ती म्हणाली. कोर्समध्येही ती अशीच. सर सांगतील ते वहीत लिहिणार आणि वहीत लिहिलेलं मोडणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी बँकेतून आले आणि चहा घेतानाच निनादचा फोन आला. अर्धा तास बोललो. त्याच्या ऑफिसातला डबेवाला, माझ्या मॅनेजरची शिंक, असलं काहीतरी. शेवटी त्याचा आवाज जरा निराळा झाला.

"तब्येत वगैरे बरी आहे ना?"

"एकदम ठणठणीत," मी म्हटलं. "रविवारी बघालच."

"हो," तो म्हणाला. थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडं बघून हसले. तीही हसली, पण गॅसवर काहीतरी लागतंय म्हणून लगेच आत वळली.

शनिवारी बँक अर्धा दिवस. घरी आले तर आई नव्हती, गावभागात एक साखरपुडा होता, तिनंच जुळवलेला. मी जेवले आणि कॉम्प्युटर लावला. फायरवॉलची एक यादी असते, कोण कधी बाहेर जायला निघालं आणि कुणाला अडवलं. दोन दिवसांत आपला वॉचमन काय करतोय ते बघावं म्हटलं.

यादीत लाल अक्षरात ओळीच ओळी होत्या. एकाच प्रोग्रॅमला अडवलं होतं. शुक्रवारी दुपारी बारा चाळीसला पहिल्यांदा. मग दर अर्ध्या तासानं, कॉम्प्युटर बंद करेपर्यंत. आणि आता मी चालू केल्याबरोबर पुन्हा एकदा.

तो मेलचा प्रोग्रॅम होता, पाकिटाचं चित्र असलेला. ब्रॉडबँड जोडून द्यायला आलेल्या माणसानं आम्हाला एक पत्ता काढून दिला होता आणि तो त्यात बसवूनही दिला होता. मी तो कधी उघडला नव्हता. माझी मेल मी वेबसाईटवर बघायचे, मंडळाची सुलूताईही तिथंच बघायच्या. जो प्रोग्रॅम घरात कुणी वापरत नाही, तो दर अर्ध्या तासानं उठून बाहेर जायला बघतोय. मी शिरोळकरांना फोन लावला.

"सापडला!" मी जवळजवळ ओरडलेच. "मेलमधून चाललंय सगळं!"

"असेल, असेल. असले व्हायरस असतात. आपल्याआपण पत्रं पाठवतात. तुम्ही एक करा. तो प्रोग्रॅम उघडा आणि आऊटबॉक्स बघा. जे जायचं राहिलंय ते तिथं पडून असतं. व्हायरस असला तर शंभर-दोनशे पत्रं दिसतील."

"फोन धरता का?"

"धरतो की."

मी पाकिटावर दोनदा क्लिक केलं. डावीकडं आऊटबॉक्स. शंभर-दोनशे नव्हती. एकच होतं.

"किती आहेत?" शिरोळकर विचारत होते.

पत्र सौ. तासगावकर यांच्या नावानं होतं.

"मृणाल, किती आहेत?"

"मी नंतर करते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पत्र मराठीत होतं. एकेक अक्षर शोधून टाईप केलेलं, दोन शब्दांमध्ये कुठं तीन जागा सोडलेल्या तर कुठं एकही नाही.

'सौ. तासगावकर वहिनींस, स. न. वि. वि. माझी मुलगी चि. मृणाल हिला वयाच्या पंधराव्या वर्षापासून फिट येण्याचा आजार आहे. गेली चार वर्षे आलेली नाही. गोळ्या चालू आहेत. आपण संबंधाचा विचार करीत आहात, म्हणून हे आपल्याला आधी कळविणे माझे कर्तव्य समजते. हे ती आपल्याला स्वतः सांगणार म्हणते. पण ऐनवेळी ती सांगेलच याची मला खात्री नाही. हे पत्र माझ्याकडून आल्याचे कृपया कोठे बोलू नये. कळावे, लोभ असावा. प्रमिला खटावकर.'

मी ते तीनदा वाचलं. मग 'पाठवलेली' असं लिहिलेला कप्पा उघडला. त्यात दोन पत्रं होती, इचलकरंजीला आणि कोल्हापूरला. मजकूर तोच, नावं बदललेली. वाढदिवसाच्या निमंत्रणात बदलतात तशी.

आजाराबद्दल तिनं एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. मला जे लागलं ते एकच वाक्य. खात्री नाही. सव्वीस वर्षं ज्या बाईच्या कुशीत वाढले, जिच्याशी मी आयुष्यात एकदा दहावीच्या गणिताच्या मार्कांबद्दल सोडून कधी खोटं बोलले नाही, तिला माझी खात्री नव्हती. आणि ती नाही हे तिनं मला सांगितलं नाही, परक्या बायकांना लिहून कळवलं.

आई साडेतीनला आली. हातात नारळ, खण आणि पेढ्यांचा पुडा. केसांत आबोली. "फार छान झालं गं," म्हणत चपला काढल्या आणि पडद्याकडं तिचं लक्ष गेलं. पत्र उघडंच होतं.

ती खाली बसली. खुर्चीवर नाही, खाली, जमिनीवर. नारळ मांडीत धरून.

"ते गेलं नाही," ती म्हणाली. "चौकोन आला. तू म्हणालीस, दुसरं बटण."

मला हसू यायला लागलं आणि ते थांबेना. माझ्या सांगण्याप्रमाणे तिनं स्वतःच्याच पत्राला नाही म्हटलं होतं. ते अडकलं, कारण ती आज्ञाधारक विद्यार्थिनी होती.

"का केलंस?" हसू थांबल्यावर मी विचारलं.

"तुला कुपवाडची पुष्पलता आठवत नाही. तू तेव्हा अकरावीत, आपल्याच अभ्यासात. मंडळाचं ते दुसरंच वर्ष. तिला एका कानानं ऐकू येत नव्हतं. तिची आई मला म्हणाली, मुलगी सांगेल स्वतः. मीही म्हटलं, सांगेल. नाही सांगितलं तिनं. धीर झाला नाही तिचा. आठ महिन्यांत तिला परत आणून सोडली. मी भेटायला गेले तर ती माझ्याशी बोललीसुद्धा नाही. नुसती बघत बसली."

"मी पुष्पलता नाही."

"तीही असंच म्हणाली असती."

"आई, मी तुझी मुलगी आहे. मंडळातलं स्थळ नाही."

"म्हणूनच," आई म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला. "दुसऱ्यांच्या मुलींचं मी सांगते. त्यांच्या आया माझ्यासमोर रडतात, नका सांगू म्हणतात, तरी सांगते. आणि स्वतःच्या मुलीचं झाकून ठेवू? कुठल्या तोंडानं परत कुणाच्या घरी जाऊ?"

"झाकायचं कोण म्हणालं होतं? मी सांगणार होते!"

"तू दोन्ही वेळा दुसऱ्या भेटीपर्यंत थांबलीस. पहिल्याच भेटीत का नाही?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं, पण ते आता देऊन काय उपयोग? मला फक्त एक तास हवा होता. एक तास, ज्यात समोरचा माणूस माझ्याकडं बघेल, माझ्या आजाराकडं नाही. एवढंच मी मागितलं होतं आणि ती हो म्हणाली होती.

"हो म्हणून वर पत्र लिहिलंस. तेव्हाच नाही म्हणायचं होतंस."

आई नारळाची शेंडी सरळ करत राहिली.

"आणि सुलूताई?" मी म्हटलं. "त्या पोरीची शपथ घेत होत्या तेव्हा तू समोर उभी होतीस. एक शब्द बोलली नाहीस."

"संशय तू घेतलास. मी म्हटलं होतं, सुलू तशी नाही."

हे खरं होतं. माझ्या आईला खरं बोलायची एवढी सवय होती की त्या खऱ्याच्या मागं ती आरामात लपू शकत होती. मला तिचा त्या क्षणी इतका राग आला की हात थरथरायला लागले. तिची नजर लगेच माझ्या हातांवर गेली. फिट येते की काय म्हणून. ते पाहून तर मला किंचाळावंसं वाटलं.

"घाबरू नकोस," मी म्हटलं. "नुसता राग आहे."

मी उठले, आऊटबॉक्समधलं ते पत्र पुसून टाकलं आणि फोन ओढून घेतला. रविवारपर्यंत थांबण्यात आता अर्थ नव्हता. समोर बसून सांगायचं ते राहिलं, पण निदान माझ्या तोंडानं तरी जाईल. मी निनादचा नंबर फिरवायला लागले.

"मृणाल," आई म्हणाली, "अगं, ऐक—"

"तू बोलू नकोस."

त्यानं दुसऱ्या घंटीला उचलला. मी नमस्कार-चमत्कार न करता सुरू केलं. भीती होती की थांबले तर जमणार नाही. दहावीत कधी, कुठं, कशी आली, गोळीचं नाव, डॉक्टर काय म्हणाले, चार वर्षं, सगळं. एका दमात. मग थांबले.

"मला माहीत आहे," निनाद म्हणाला.

"काय?"

"काल दुपारी तुमच्या आईंचा फोन आला होता घरी. माझ्या आईला. मेल जात नाही म्हणाल्या, म्हणून फोन केला. सांगू नका म्हटलं होतं त्यांनी, पण आता तुम्ही स्वतःच..."

मी आईकडं वळून पाहिलं. ती नारळ मांडीत घेऊन जमिनीवरच बसली होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. तीन फुटांवरून ती हेच सांगायला निघाली होती.

"म्हणजे काल संध्याकाळी आपण बोललो तेव्हा..."

"माहीत होतं मला. म्हणूनच तर विचारलं, तब्येत बरी आहे ना. खरं सांगू का? आजाराचं मला काही वाटलं नव्हतं. माझ्या आत्याला होता, तिला तीन मुलं आहेत. मी आईला म्हटलं, ती स्वतः सांगेल, आपण वाट बघू. मग तुम्हाला फोन केला. अर्धा तास वाट बघितली. शेवटी सरळ विचारलंच. तुम्ही म्हणालात, ठणठणीत."

"मला रविवारी सांगायचं होतं. समोर बसून."

"असेल." तो चिडला नव्हता. चिडला असता तर मला भांडता आलं असतं. "पण माझ्या आईनं मला विचारलं, काय म्हणाली, तर मला सांगावं लागलं. आता तिच्या मनातनं ते जाणार नाही. आणि माझ्याही. रविवारी आम्ही येत नाही मृणाल. सॉरी."

मी रिसिव्हर जागेवर ठेवला. कोपऱ्यात फायरवॉलचं छोटं चिन्ह हिरवं होतं. सगळं सुरक्षित आहे, असं त्याच्यावर बोट नेलं की लिहून यायचं.

"काय म्हणाला?" आईनं विचारलं.

"तुला माझी खात्री नव्हती, ते बरोबरच होतं म्हणाला."

ती रडायला लागली. मी तिच्याजवळ गेले नाही. त्या दिवशी पहिल्यांदा, आणि खरं तर त्यानंतरही बरीच वर्षं, आई रडत असताना मी तिच्याजवळ गेले नाही. पेढ्यांचा पुडा उंबऱ्यापाशी तसाच पडला होता, त्याला मुंग्या लागल्या आणि मोलकरणीनं तो सोमवारी टाकून दिला.

रविवारी सकाळी, ज्या वेळी तासगावकर मंडळी आमच्याकडं यायची होती त्याच वेळी, मी संजयनगरला सुलूताईंच्या घरी गेले. त्या दारातच बसून साडीला फॉल लावत होत्या. मला बघून सुई साडीतच टोचून ठेवली आणि उभ्या राहिल्या.

"मृणालताई? या की. आत या."

"आत नाही येत. एवढंच सांगायला आले," मी म्हटलं. येताना रिक्षात मी सगळं पाठ केलं होतं. सुरुवात नीट जमली. "चूक झाली सुलूताई. माझी झाली. तुम्ही काहीच केलं नव्हतं. मला माफ करा."

सुलूताईंनी पदराच्या टोकानं डोळे टिपले, आधी एक, मग दुसरा. "मग केलं कुणी ओ?" त्यांनी विचारलं.

इथं पुढचं वाक्य मी पाठ केलेलं होतं. ते खरं होतं आणि चार शब्दांचं होतं. मी ते म्हणायला तोंडही उघडलं. सुलूताई माझ्याकडं बघत होत्या. आठ वर्षं त्या आमच्या घरी आल्या होत्या. माझ्या आजारपणात त्यांनी मला भात भरवला होता.

"व्हायरस होता," मी म्हटलं. "कॉम्प्युटरमध्ये."

"अगंबाई!" त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बघा, मी घरी ह्यांना सांगत होते, काहीतरी मशीनचंच असणार म्हणून. बाई माझ्यावर असा संशय घ्यायच्याच नाहीत. सापडला ना पण?"

"सापडला."

"बाईंनीच पाठवलं असणार तुम्हाला. खरं कळलं की त्यांना चैन पडत नाही. बाईंचं सगळं कसं सरळ असतंय."

त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. समोरच्या घरात कुणीतरी मोठ्यानं रेडिओ लावला होता.

"हो," मी म्हटलं. "तिनंच पाठवलं."